दुकानासमोरचा पत्ता

मी विसरणाऱ्यांतला माणूस नाही. हा गुण माझ्याकडे आईकडून आलाय. वडिलांचं वेगळं आहे. त्यांना सकाळी कुणी टोमणा मारला तर तो टोमणा होता हे त्यांच्या लक्षात यायला संध्याकाळ होते, आणि तोवर रागवायची वेळ निघून गेलेली असते. मी मात्र डूख धरतो. कळंबच्या एका मोटारसायकल पार्टच्या दुकानदारावर मी दोन वर्षं डूख धरला आणि त्या दोन वर्षांत त्याला जेवढं जाळता येईल तेवढं जाळलं. त्याचा पश्चात्ताप सांगायला मी हे लिहीत नाही. तो माणूस त्याच लायकीचा होता, आणि आजही मी त्याच्या दुकानाची पायरी चढत नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादांचा धंदा शेरडांचा. एका बाजारात शेळ्या, करडं घ्यायची आणि दुसऱ्या बाजारात विकायची, हे काम त्यांनी उभा जन्म केलं. आज कळंब, परवा येरमाळा, मधे वाशी. आधी पायी जायचे, मग सायकलवर, आणि मी दहावीला असताना त्यांनी एक जुनी मोटारसायकल घेतली. ती आली आणि दादा बदलले. घरात दिवसदिवस तोंड न उघडणारा माणूस गाडीवर बसला की रस्त्यात भेटेल त्याला हाक मारत जायचा. पोत्याला भोक पाडून त्यातून करडाचं मुंडकं बाहेर काढायचं, ते पोतं टाकीवर आडवं ठेवायचं आणि तीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, ही त्यांची पद्धत. गावातले लोक म्हणायचे, आधी गाडी ऐकू येते, मग करडू ऐकू येतं, मग दादा दिसतात.

त्या गाडीचा एकूण एक पार्ट दादांनी कळंबच्या त्या एकाच दुकानातून घेतला. तिथली रीत सगळ्या भागाला माहीत होती. जुना पार्ट काढायचा, रुमालात बांधायचा आणि काउंटरवर नेऊन ठेवायचा. दुकानदार तो उचलून बोटानं दात मोजणार, उलटा करून बघणार आणि मागं न वळताच फळीवरून नवा काढणार. नमुना न नेता पार्ट मागणं म्हणजे पोरगी न बघता सुपारी फोडण्यासारखं होतं. बिल कुणी मागत नसे. बिल मागितलं म्हणजे तुमच्यावर माझा भरोसा नाही असं तोंडावर म्हटल्यासारखं व्हायचं. दादा तर खोकाही घेत नसत. पार्ट काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि रिकामा खोका काउंटरवरच ठेवायचे.

"तुमचा कचरा तुमच्यापाशी ठिवा, शेठ," असं म्हणायचे. शेठ हसायचा. वीस वर्षं हसला.

एका बाजारच्या दिवशी सकाळी दादांनी त्याच्याकडून मागच्या चाकाचे ब्रेक शू घेतले. चाकाच्या ड्रममध्ये दोन अर्धगोल तुकडे बसतात आणि त्यांच्या पाठीवर घासणारा एक जाड थर चिकटवलेला असतो. पाय दाबला की तो थर ड्रमला घासतो आणि चाक थांबतं. आमच्या गावातल्या मिस्त्रीनं ते बसवून दिले. आठवडाही झाला नव्हता. ढोकीच्या रस्त्यानं येताना उतारावर पुढचा उसाचा ट्रॅक्टर अचानक थांबला, दादांनी ब्रेक दाबला आणि तो थर सुटून ड्रममध्येच अडकला. चाक जागच्या जागी जाम झालं. गाडी आडवी झाली ती दादांच्या पायावर. गुडघ्याखालचं हाड मोडलं आणि गुडघ्यालाही मार बसला. पोत्यातलं करडू बाहेर पडून उसात पळालं, ते कुणाला सापडलं नाही. दवाखान्यात दादा आधी त्या करडाचंच विचारत होते.

मिस्त्रीनं ड्रम उघडून मला ते तुकडे दाखवले. लोखंडावर डिंकाचे डाग राहावेत तसे डाग होते, बाकी थर सगळा निघून आलेला.

"ह्ये कंपनीचं न्हाय," तो म्हणाला. "डुप्लिकेट हाय. माझं नाव कुठं घिऊ नका."

तीन आठवड्यांनी मी दादांना घेऊन त्या दुकानात गेलो. पायाला प्लास्टर, हातात काठी. मुद्दामच नेलं. मला वाटलं होतं, तो पाय बघून माणूस ओशाळेल. दुकानात चार-पाच गिऱ्हाईकं होती. दादांनी रीतीप्रमाणे रुमाल सोडून तुकडे काउंटरवर ठेवले. दुकानदारानं ते हातातसुद्धा घेतले नाहीत.

"ह्यो माल माझा न्हाय, मामा," तो म्हणाला.

दादांना कळेना. "शेठ, म्या तुमच्याबिगर जातो कुठं?"

"दुसरीकडनं घेतला आसंल. वय झालं, इसारतं माणूस. बिल हाय का? खोका हाय का?"

खोका कुठं होता हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याच्याच काउंटरवर ठेवलेला होता, वीस वर्षं ठेवत होते तसा. मी तोंड उघडलं तर तो आवाज चढवून म्हणाला की असे घासलेले तुकडे घेऊन दर आठवड्याला कुणी ना कुणी येतं आणि फुकटात नवा माल मागतं. चोराच्या उलट्या बोंबा. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला बैलगाडीच बरी," आणि दोघं-तिघं हसले. दादांनी तुकडे परत रुमालात बांधले. त्यांच्या हातून गाठ नीट बसेना. मीच ती मारली.

बाहेर आल्यावर ते पायरीवर बसले. म्हणाले, "म्या खोटं बोलतो आसं आजवर कुणी म्हनलं न्हवतं."

बाजारात शेरडाचा दात बघून वय सांगणारा माणूस. सांगितलेल्या वयावर लोक डोळे झाकून व्यवहार करायचे. त्या माणसाची सगळी कमाई म्हणजे तो एक शब्द, आणि तो चार टवाळांसमोर खोटा पाडला होता. मी तिथंच ठरवलं की याच माणसाकडून, याच तोंडानं, दादांच्या समोर हे कबूल करून घ्यायचं. त्याशिवाय गप्प बसायचं नाही. घरी आल्यावर मी गाडी होती तशी, ड्रम उघडा ठेवूनच, गोठ्याच्या कडेला लावली. कुणी हात लावायचा नाही असं सगळ्यांना सांगितलं. तो पुरावा होता. किल्ली काढून मी माझ्या जुडग्यात अडकवली.

आता माझं काम सांगतो. गावात माझं एक छोटं सेंटर आहे. लोकांचे पीकविम्याचे फॉर्म, सातबारा, पोरांच्या स्कॉलरशिपा, असलं सगळं मी कॉम्प्युटरवर करून देतो. म्हणजे गावातल्या प्रत्येकाचं बोट कधी ना कधी माझ्या मशीनवर टेकतंच. त्या दुकानदाराला कुठं दाबायचं हे मला दुसऱ्याच दिवशी सुचलं. मी सेंटरबाहेर कागद चिकटवला: मोटारसायकलचे सर्व ओरिजनल पार्ट ऑनलाइन मागवून मिळतील. या कामाचं मी काही घेणार नव्हतो.

सुरुवातीला कुणी येईना. हातात धरून न बघता पार्ट घ्यायचा ही गोष्टच लोकांच्या गळी उतरत नव्हती. "ह्ये उंटावरनं शेळ्या हाकायचं काम हाय," असं आमचे एक चुलते म्हणाले. पण मी चिकाटी सोडली नाही. एकाला चेन-स्पॉकेट मागवून दिलं, एकाला क्लच प्लेटा. खोक्यावरचं कंपनीचं लेबल फोनमधून कसं तपासायचं ते दाखवलं. दोन महिन्यांत आमच्या गावातून कळंबच्या त्या दुकानात जाणारं गिऱ्हाईक जवळजवळ बंद झालं. मग शेजारच्या दोन गावांतले लोक यायला लागले.

पार्सल गावापर्यंत येत नसे, कळंबपर्यंतच यायचं. तिथला पत्ता द्यायचा होता. त्या दुकानाच्या बरोबर समोर चहाचं एक हॉटेल आहे, त्याचा मालक माझ्या वर्गातला. मी त्याचा पत्ता दिला. फॉर्मवर आणखी एक चौकोन असतो, जवळची खूण लिहायचा. आमच्याकडं घर नंबरनं कधी कुणाला कुणी सापडलेलं नाही, सगळा कारभार खुणेवर चालतो: टाकीच्या खाली, देवळाच्या मागं, अमक्याच्या वखारीजवळ. त्या चौकोनात मी त्याच्याच दुकानाचं नाव घातलं आणि पुढं लिहिलं, बरोबर समोर.

पहिल्या वेळी मी हे खरंच सोयीसाठी लिहिलं होतं. पण झालं काय, पार्सलवाला मोठी पिशवी पाठीला लावून आला, पाटी वाचली आणि सरळ त्या दुकानात शिरला. "ह्ये पार्सल तुमचं का?" दुकानदारानं खोका हातात घेऊन बघितला. वर एअर फिल्टरचं चित्र होतं. माझं नाव होतं. त्याच्या मागच्या फळीवर तसलेच फिल्टर धूळ खात पडले होते. त्यानं हात लांब करून समोरच्या हॉटेलकडं बोट दाखवलं. मी बाकड्यावर बसून चहा पीत होतो. इतका गोड चहा मी त्याआधी प्यालो नव्हतो.

मग मी ती खूण कधी बदलली नाही. पार्सलवालेही नेहमी बदलायचे, त्यामुळं प्रत्येक नवा माणूस आधी त्याच्याच काउंटरवर जायचा. आठवड्यातून दोनदा, तीनदा. मी खोके सेंटरवर आणून फोडू शकलो असतो. पण नाही, मी तिथंच बाकड्यावर फोडायचो. पार्ट उजेडात धरून उलटसुलट करायचो आणि हॉटेलवाल्याला मोठ्यानं सांगायचो, "बघ, खोका बी हाय आन् बिल बी हाय!" दुकानदार सुरुवातीला हसण्यावारी न्यायचा. मग त्यानं खुर्ची फिरवून पाठ केली. शेवटी दुकानाच्या तोंडाशी सीट कव्हरं टांगली, म्हणजे हॉटेल दिसू नये. ती कव्हरं लागली त्या दिवशी मी हॉटेलात सगळ्यांना भजी खाऊ घातली.

खरं सांगायचं तर सगळंच काही सुरळीत नव्हतं. गावाकडच्या गाड्या कागदावर एक असतात आणि अंगावर दुसऱ्या. आरसी बुकात एक मॉडेल, इंजिन दुसऱ्याचं, मागचं चाक तिसऱ्याच कुणाच्या भंगारातलं. मी बिचारा आरसी बुक बघून पार्ट मागवायचो. तो यायचा आणि भोकाला भोक जुळायचं नाही. दुकानदारानं नुसतं नमुन्याकडं बघून हे ओळखलं असतं, हे मला कळत होतं. पण ते मी कुणासमोर कबूल केलं नाही. चुकीचा माल गुपचूप परत पाठवायचो आणि कंपनीनंच चूक केली म्हणायचो.

एकदा गावातल्या दूधवाल्याची क्लच वायर तुटली. मी मागवलेली चुकीची आली, दुसरी यायला चार दिवस होते. तो सायकलवर कॅन लादून दमला आणि म्हणाला, "मी शेठकडनं आणतो. धा मिनटाचं काम हाय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उद्या येतीय म्हणून मी त्याला थोपवलं, दुसऱ्या दिवशी एसटीनं बार्शीला गेलो, तिथल्या दुकानातून वायर घेतली, घरी आणून एका जुन्या पार्सलच्या खोक्यात घातली आणि वरून चिकटपट्टी मारली. दूधवाला खूश. "लई लवकर आलं की!" मी म्हणालो, ऑनलाइनचं असंच असतं. ही सरळ सरळ लबाडी होती, पण तेव्हा मला ती लढाई वाटायची.

त्याचं दुकान खालावत गेलं. फळ्या अर्ध्या रिकाम्या दिसायला लागल्या, पार्टच्या जागी हेल्मेटं आणि मोबाइलची कव्हरं आली. मी ते माझं कर्तृत्व समजत होतो. खरं तर प्रत्येकाच्या खिशात फोन होता आणि तालुक्यातली पोरं माझ्याशिवायही तेच करत होती. पण श्रेय सोडेल तो मी कसला.

या सगळ्यात दादांचं प्लास्टर निघालं, मग काठी सुटली. सकाळी मी कळंबला निघालो की ते ओट्यावर बसलेले असायचे. संध्याकाळी मी खोके घेऊन आलो की त्यांची नजर खोक्यांवर फिरायची.

"माझं आलं का रं?" असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला कळलंच नाही.

"काय, दादा?"

"शू. गाडीचं."

मी म्हणालो, "दादा, आत्ता न्हाय. त्यो पुरावा हाय. आधी त्याला कबूल करू द्या, मग गाडीला हात लावू."

"बरं," ते म्हणाले.

महिना-दोन महिन्यांनी परत विचारलं. परत मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी जरा चिडूनच बोललो, की हे सगळं मी कुणासाठी करतोय? त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. दादांचा बाजार सुटला होता. एसटीत शेरडं घेत नाहीत आणि टेम्पोवाले दादांच्या वेळेला येत नाहीत. व्यापारी घरी येऊन त्यांच्या मनाला येईल त्या भावानं करडं न्यायचे. दादा दुपारी गोठ्याच्या कडेला गाडीजवळ बसून टाकी पुसत राहायचे. एकदा मिस्त्रीनं मला सांगितलं की दादा त्याच्याकडं येऊन गेले, गाडी नीट करून देतोस का म्हणून. त्यानं सांगितलं, किल्ली तुमच्या पोराकडं आहे. मी त्या मिस्त्रीवरच भडकलो. पुरावा म्हणजे काय हे या लोकांना कळत कसं नाही, असं मला वाटायचं.

दोन वर्षं होत आली तरी दुकानदार वाकत नव्हता. तेव्हा मी शेवटचा डाव टाकला. कंपनीचा खरा ब्रेक शू मागवला, एका हातात तो आणि दुसऱ्या हातात ते सुटलेले तुकडे धरून व्हिडिओ केला. दादांना पाय लांब करून गाडीजवळ बसवलं. ते नको म्हणत होते. "शेठ आपलं माणूस हाय, तोंडानं सांगू दे ना, फोन कशाला?" असं म्हणाले. मी ऐकलं नाही. दुकानाचं नाव घेतलं नाही, पण खूण सांगितली: कळंबात चहाच्या अमुक हॉटेलच्या बरोबर समोर. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवरून वाशीला गेला, ढोकीच्या ऊसतोडीच्या टोळ्यांत गेला, कुणाकुणाचे फोन आले. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तो आला. एकटाच, स्कूटीवर, हँडलला कापडी पिशवी. आईनं पाणी दिलं. तो ओट्याखाली उभा राहूनच प्याला. मी सेंटरवरून धावत आलो. दादा ओट्यावर होते.

"मामा," तो म्हणाला, "त्यो शू माझ्याच दुकानातला. कंपनीचा संपला हुता. तुम्हाला बाजार गाठायचा हुता, तुम्हाला हात हालवत कसं लावून द्यावं म्हणून दुसरा दिला. सांगायला पाहिजे हुतं, न्हाय सांगितलं. आन् त्या दिवशी दुकानात माणसं हुती. म्या हो म्हटलं आसतं तर सगळ्यांनी आपापला माल परत आणला आसता. तोंडातनं निघून गेलं."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा येईल इतका आनंद झाला. दोन वर्षं हेच वाक्य मी मनात ऐकत होतो. त्यात तो रडत असायचा, इथं नुसता उभा होता, पण वाक्य तेच होतं. मी खिशातून फोन काढला आणि त्याच्या तोंडासमोर धरला.

"आता परत म्हणा, शेठ. मोठ्यानं."

"ठिव त्यो फोन," दादा म्हणाले.

"दादा, सगळ्यांसमोर खोटं पाडलं ह्यानं तुम्हाला. आता सगळ्यांना ऐकू दे की."

"मला पाडलं ना? मग मी बघतो."

मी फोन खाली केला. दादांनी दुकानदाराला ओट्यावर बसायला सांगितलं आणि पिशवीत काय आहे ते विचारलं. त्यानं खोका काढला. कंपनीचा ब्रेक शू, वर बिल. बिलाकडं दादांनी बघितलंही नाही. खोका उघडून शू हातात घेतले, बोट फिरवलं आणि म्हणाले, "बसवा."

मिस्त्रीला बोलवायची गरज पडली नाही. दुकानदारानं बाह्या वर केल्या आणि गोठ्याच्या कडेला मातीत फतकल मारून बसला. त्याला हे काम येतं हे मला माहीत नव्हतं. चाक काढलं, गंजलेला ड्रम घासला, शू बसवले. टायरला तडे गेले होते, तरी हवा धरली. पेट्रोल मी माझ्या गाडीतून काढून दिलं. किल्ली मागितली तेव्हा ती जुडग्यातून निघेना, कडी गंजून आवळली होती. पक्कडीनं काढावी लागली. किती किका मारल्या कुणास ठाऊक, पण गाडी सुरू झाली. शेजारच्या घरातून माणसं बाहेर आली, आवाज ऐकून.

दादा ओट्यावरून उतरले. हँडल धरलं, तसं त्यांचं तोंड खुललं. उजवा पाय उचलला. तो सीटच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला. गुडघा वळत नव्हता. त्यांनी पाय खाली ठेवला, परत उचलला. मग दगडावर उभं राहून बघितलं. मी काखेत हात घालायला गेलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला. दुकानदारानं हँडल घट्ट धरलं होतं. चौथ्या वेळी दादांनी उचललाच नाही.

"गेल्या उन्हाळ्यात जात हुता पाय," ते म्हणाले. "ह्यो शेंटरला गेला की मी बसून बघायचो."

ते माझ्याकडं बघून बोलले नाहीत, दुकानदाराशी बोलले. इंजिन चालूच होतं. दादांनी वाकून किल्ली फिरवली, काढली आणि दुकानदाराच्या तळहातावर ठेवली.

"गिऱ्हाईक बघा, शेठ. चालवणारं बघा, भंगारात नगं."

"दादा, मी विकतो की," मी म्हणालो. "फोटो काढून ऑनलाइन टाकतो. आठ दिवसांत जाईल."

"नगं. शेठ बघतील."

मी खूप बोललो. ज्यानं तुमचा पाय मोडला, तुम्हाला खोटं ठरवलं, त्याच्या हातात गाडी देताय आणि पोटच्या पोराच्या हातात नाही, असं मी त्या माणसासमोरच म्हणालो. दादांनी मला बोलू दिलं. संपल्यावर आईला म्हणाले, "शेठला च्या टाक." तो चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी मिस्त्री येऊन गाडी घेऊन गेला, आणि पंधरवड्यात येरमाळ्याकडच्या कुणा शेरडंवाल्याला ती गेली. चांगला माणूस आहे म्हणतात, जपून चालवतो.

व्हिडिओ मी काढून टाकलेला नाही. दुकानदारानंही काढा म्हटलं नाही. अजून मी लोकांचे पार्ट मागवतो, त्याच पत्त्यावर, त्याच खुणेवर. सीट कव्हरं आता त्यानं काढून टाकली आहेत. पार्सलवाला विचारायला गेला की तो शांतपणे बोट दाखवतो आणि आपल्या कामाला लागतो, आणि मला त्याचा राग पहिल्यापेक्षा जास्त येतो.

गाडी गेल्यानंतरच्या पहिल्या बाजारच्या दिवशी दादा सदरा घालून, टोपी झटकून तयार झाले. नुसतंच जाऊन येतो, म्हणाले, बाजार बघून. मला विचारलं, "कळंबची यष्टी किती वाजता हाय रं?"

इतक्या वर्षांत त्यांनी कधी एसटीची वेळ विचारली नव्हती. मी माझ्या गाडीची किल्ली घेतली. "चला, दादा, मी सोडतो. मागं बसवतो सावकाश. मला जायचंच आहे."

"नगं," ते म्हणाले. "तुला पार्सल आणायचं आसंल."

आणि फाट्याकडं चालायला लागले.